फिटर का थांबला?

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. लता वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले." बाजारात चालता चालता छातीत कळ आली आणि संपलं. मला रडू आलं नाही. येत्या रविवारी आता त्याच्यासमोर बसावं लागणार नाही, हा विचार आधी आला आणि हायसं वाटलं... दीड महिना झाला. चाळीस वर्षांहून जुन्या मित्राबद्दल असं वाटावं याची लाज वाटते, पण सुरुवात तिथूनच करायला हवी.

नायगावच्या चाळीत आमची दारं समोरासमोर. ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार होता, म्हणजे कोणी रजेवर गेला तरच त्याला काम. माझे वडील त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते आणि मी कॉलेजात. संपानंतर तो पंखे, मिक्सर दुरुस्त करत राहिला आणि मी दादरच्या एका शाळेत शिकवायला लागलो, म्हणून त्याच्या तोंडी कायमचा मास्तर झालो. दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी रुपाली नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचं व्हिडिओ गेमचं यंत्र घरीच राहिलं. साठी ओलांडलेला हा गृहस्थ त्यावर अंतराळयान चालवायला लागला! दत्ताचं इंग्रजी म्हणजे स्टार्ट, स्टॉप आणि सॉरी. त्यामुळे बटणं त्याची आणि भाषांतर माझं, अशी आमची रविवार दुपारची वाटणी ठरली.

त्या गेममध्ये आपण कप्तान असतो आणि यानावर चार सोबती असतात. ते काय बोलतात, का बोलतात यावर आम्ही चहा गार होईपर्यंत भांडायचो. माझी मास्तरकीची खोड जात नसल्यामुळे मी प्रत्येकाला गुण द्यायचो. डॉक्टरीणबाईंना दहापैकी आठ दिले होते. यंत्रं सांभाळणाऱ्याला दत्ता फिटर म्हणायचा. हा फिटर एका प्रसंगात यानाचा ठावठिकाणा शत्रूला कळवतो आणि दोन माणसं मरतात. खेळणाऱ्याला ते दिसतं, यानावर कोणालाच कळत नाही. पुढे तो पळून जाईल असं मला वाटलं होतं. तर हा तिथेच थांबला. दुप्पट काम करू लागला, स्वतःचं जेवण कप्तानाला देऊ लागला. मी त्याला शून्य दिलं. म्हटलं, लिहिणाऱ्याला माणूस कळलेला नाही, असा दगाबाज एक दिवसही थांबणार नाही.

दत्ता एरवी तावातावाने भांडायचा. त्या दिवशी त्याने रिमोट मांडीवर ठेवला. "घाबरलेला माणूस लांब जात नाय रे मास्तर. ज्याला घाबरतो त्याच्याच बाजूला बसतो. त्याला कळलं की नाय, ते बघत."

मी हसण्यावारी नेलं. पण घरी आल्यावर संपातला एक गुरुवार आठवला. संपाच्या दिवसांत उघड सभा घेणं कठीण झालं, तेव्हा वडील आणि चारपाच जण भजनाच्या निमित्ताने आमच्या खोलीत जमायचे. टाळ वाजत राहायचे आणि त्याखाली बोलणं व्हायचं. त्या गुरुवारी चाळीत तीन खोल्यांत भजन चालू होतं. गिरणीने पोसलेले दांडगे मात्र इकडेतिकडे न विचारता थेट आमच्याच खोलीत शिरले. वडिलांचा उजवा हात असा मोडला की पुन्हा साच्यावर चालला नाही. आतलाच कोणीतरी फुटला असं सगळे म्हणायचे. दत्ता दर गुरुवारी टाळ धरायचा, त्या गुरुवारी पोट दुखतं म्हणून आला नव्हता. ही गोष्ट मला तेव्हाही माहीत होती, पण तिच्याकडे कधी वळून पाहिलं नव्हतं. कारण पुढची पंधरा वर्षं वडिलांना इस्पितळात नेणं, त्यांची दाढी करणं, शेवटी खांदा देणं, सगळं दत्तानेच केलं होतं.

त्यानंतरचे रविवार भीतीतच गेले. तो घसा खाकरला तरी मला वाटायचं, आता बोलणार. तो बोलला असता तर मला वडिलांची बाजू घ्यावी लागली असती, आणि मग माझं म्हणावं असं उरलं कोण असतं? दुपारी बारापासूनच न जाण्याची कारणं शोधायचो, तरी मी जायचो. न गेलो तर त्याला संशय येईल, याचीही भीतीच होती.

शेवटच्या रविवारी फिटर जखमी होऊन पडला होता. पडद्यावर त्याचं वाक्य आलं, "कप्तान, ते मीच केलं. का केलं ते ऐकशील?" खाली दोन पर्याय होते, "सांग" आणि "आता नको". दत्ता पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. "काय म्हणतोय?"

मी म्हणालो, "दमलोय म्हणतोय. नंतर बोलू."

"असं म्हणतोय?"

"हो."

त्याने रिमोट हळूच खाली ठेवला. "मग नंतर बोलू," म्हणाला आणि चहा ठेवायला आत गेला. शुक्रवारी तो गेला.

तेराव्याला रुपाली माझ्याशेजारी येऊन बसली. बाबांनी शेवटच्या रविवारी संध्याकाळी तिला फोन केला होता. यंत्र चालूच ठेवून पडद्यावरचं वाक्य त्यांनी एकेक अक्षर करून वाचलं आणि अर्थ विचारला. तिने सांगितला. "मग तेच वाक्य त्यांनी मला परत वाचून दाखवलं, काका. नंतर म्हणाले, मास्तरला नको आहे वाटतं ऐकायला."

म्हणजे मी खोटं बोललो हे त्याला कळलं होतं, आणि मला सगळं ठाऊक आहे हेही. ते पाच दिवस त्याने कसे काढले असतील याचा विचार आला की अजून घाम फुटतो.

परवा वहिनींनी यंत्र लावून दिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. खेळ त्याच वाक्यापाशी थांबलेला होता. दत्ताच्या जागेवर बसून मी "सांग" हा पर्याय दाबला. फिटरने सांगितलं. त्याचा भाऊ शत्रूच्या ताब्यात होता, त्याला मारण्याची धमकी होती. मला पटलं. मी त्याला दहापैकी दहा दिले... पण ते फिटरचं कारण होतं. दत्ताचं कारण काय होतं, ते सांगायला तो "काय म्हणतोय?" असं विचारून माझ्या होकाराची वाट बघत होता, आणि मी नको म्हणालो.