चुलतसासऱ्यांचा फेटा

आता कुणाला सांगू नका, पण धाकट्या बहिणीचं अख्खं सासर मी एका दुपारीत रुसवून दाखवलं होतं. तेही कॉम्प्युटर लावून. चहा घ्या, सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत माझा फोटो स्टुडिओ. मंगलचं लग्न उंब्रजला ठरलं आणि मला चेव आला. नवाकोरा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा आणला. चित्र इतकं स्वच्छ, की भटजींच्या कपाळावरचा घाम मोजून घ्यावा! लग्नभर मी त्याला डोळा लावून होतो. जेवलो कधी तेही आठवत नाही.

घोळ पुढे झाला. कॅमेरा नवा आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर जुनं. कॉम्प्युटरला कॅमेरा ओळखूच येईना. ज्याच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्याला पुण्याला एसटीडी लावला. त्यानं कसली तरी फाईल टाकायला लावली. मग चित्र आत जायला लागलं, पण अर्ध्या लग्नातच डिस्क भरली. पुन्हा फोन. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चित्र एवढं स्वच्छ हवं असेल, तर लग्न छोटं करा."

केलं छोटं. मंगलाष्टकं ठेवली, सप्तपदी ठेवली. कृष्णेच्या घाटावरचा सूर्यास्त ठेवला, कारण तो मी लय जीव लावून काढला होता. आणि कापलं काय? मानपान! भावकीतला एकेक जण उठतो, फेटा बांधून घेतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि बसतो. ह्यात बघायचं काय, असं मला वाटलं. अक्कल बघा माझी. वर ह्या कॅमेऱ्याची नव्या जातीची टेप सांगलीत मिळत नव्हती, म्हणून लग्नाचीच टेप पुढच्या एका मुंजीला वापरून टाकली, म्हणजे मूळ शूटिंगही पुसलं.

कॅसेट घेऊन उंब्रजला गेलो. सोप्यात टीव्ही, समोर सगळी भावकी. सगळ्यांत पुढे मंगलचे चुलतसासरे बापूअण्णा, घरातले वडीलधारे. सूर्यास्त झाला, सप्तपदी झाली, वरात गेली, पडद्यावर मुंग्या आल्या. तरी कुणी जागचं हलेना.

"आन आमचं फेटं?" बापूअण्णांनी विचारलं.

मी शहाण्यासारखा समजावायला गेलो, की सॉफ्टवेअरनं तेवढं घेतलं नाही.

"घेतलं न्हाई म्हंजी? सूर्य घेतला की त्यानं. आमीच जड झालो व्हय?"

संपलं! बातमी माजघरात पोचेपर्यंत नवरीकडच्या कॉम्प्युटरनं भावकीला नाकारलं होतं. पलीकडच्या आळीत गेली, तेव्हा तर मानकरी कापायलाच मी तो विकत आणला होता. एक जण चहा न घेता उठला, मग दुसरा. बापूअण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि निघाले.

मंगल दारात आली. आवाज न चढवता म्हणाली, "दादा, तू संध्याकाळच्या एसटीनं जाशील. मला हितंच नांदायचं हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच बापूअण्णांच्या मागं पळालो आणि भर रस्त्यात पाय धरले.

ठरलं असं, की रविवारी मानपान पुन्हा करायचा. ट्रंकांतले फेटे निघाले. भावकी लग्नातले कपडे घालून हजर! ह्या वेळी मी एकेकाचं शूटिंग असं निवांत केलं, की माणसं उभी राहून अवघडली. शेवटी कॅमेरा मंगलच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या दाजींच्या हातात दिला आणि बापूअण्णांचा फेटा स्वतः बांधला.

बापूअण्णा म्हणाले, "लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतोय. तवा पाव्हणं क्यामेऱ्यात गुतलं हुतं. त्यो मान ऱ्हायलाय."

मी खुशीत दाजींकडे वळलो, तर माझाच कान बापूअण्णांच्या चिमटीत!

"आज आमी पिळतो," म्हणाले, आणि लाल होईस्तोवर पिळला. भावकी खदाखदा हसली. मंगल पदर तोंडावर धरून हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दाजींनी अर्थातच कॅमेरा बंद केला नव्हता, आणि ह्यातलं काहीही कापायचं नाही असा मला हुकूम झाला.

पुढे कितीतरी वर्षं उंब्रजला पाहुणे आले की ती कॅसेट लागायची. मानपान सुरू झाला की खुद्द बापूअण्णाच म्हणायचे, "ह्ये पळवा फुडं." मग सगळे फेटे भराभर पळायचे, आणि कॅसेट थांबायची ती थेट माझ्या कानापाशी.