शेवटचे तीन मिलिग्रॅम

संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच्या त्या वर्षांत मी परभणीच्या एका प्रयोगशाळेत सहायक होते. आमचे सर पिंगळीकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, शिकलेले उर्दूतून. ॲसिडला शेवटपर्यंत तेजाबच म्हणत. पेडगावच्या रानातल्या एका झुडपाच्या मुळ्यांतून त्यांनी दोन वर्षं खपून चिमूटभर पांढरे स्फटिक काढले होते. त्यात मेथॉक्सिल नावाचा अणूंचा गट सापडला, तर पदार्थ नवा ठरणार होता. बाकीच्या चाचण्यांत स्फटिक संपत आले होते; निबंध लिहून तयार होता, अडला होता माझ्या आकड्यावर.

आमचा तराजू पापणीच्या केसाचंही वजन सांगायचा. पंखा बंद, खिडक्या बंद, श्वास धरून मी तीन मिलिग्रॅम तोलले. ते आयोडीनच्या तेजाबात उकळायचे. गट असेल तर तो आयोडीन घेऊन वाफेबरोबर निघतो. पुढे अशी करामत, की एका आयोडीनचे सहा होतात, पेरल्या दाण्याचं कणीस व्हावं तसे. मग पिठाच्या पाण्यात निळा रंग उमटतो. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट अशी मोजता येते, याचं मला तेव्हा नवल वाटायचं आणि आजही वाटतं.

निळा रंग उमटला. गणित बरोब्बर एका गटाचं आलं. सरांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी कुपीतले उरलेले चकचकीत स्फटिक पिठूळ दिसले, आतून काहीतरी उडून गेल्यासारखे. ते स्पिरिटमधून काढून आम्ही नुसते टेबलावर वाळवले होते. परभणीच्या मे महिन्यात वाळलं का ते तपासायचं, म्हणजे हातच्या काकणाला आरसा! पण स्फटिकाच्या आत स्पिरिट दडून राहिलं असेल, तर तेही तसाच निळा रंग देतं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मी सरांना सांगितलं. त्यांनी कुपी उजेडाला धरून पाहिली. मग म्हणाले, "बाई, उरलंय ते तापवून नीट वाळवा. पुन्यांदा करा."

वाळवल्यावर तीनच मिलिग्रॅम भरलं. या वेळी पिठाचं पाणी होतं तसंच राहिलं. मी त्या पाण्याचा आणखी एक थेंब घातला, आणखी वाट पाहिली. एवढासा कण, पण त्यानं कुणाचीच भीड ठेवली नाही. मी थक्क झाले होते आणि मला रडूही येत होतं.

सरांनी वहीत शून्य लिहिलं, खाली सही केली.

"न्हाई तर न्हाई. मग हाय तरी काय, ते बघू," ते म्हणाले. "पेडगावला निरोप धाडा. मुळ्या पुन्यांदा खंदायच्या हायेत."