शेटने कधी हात लावला नाही

मी शेटच्या खुर्चीवर बसलो होतो. एवढाच गुन्हा.

दहा-अकरा वर्षांचा असेन. रोडपालीच्या अंगाला, खाडीलगत शेटचं मिठागर होतं. वडील तिथे मीठ ओढायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून तळपायांना चिरा पडायच्या. त्या दिवशी पाय फार चुरचुरत होते. छपराखाली शेटची रिकामी खुर्ची दिसली. बसलो. पायही वर घेतले.

शेट मागून आले. पांढरं धोतर, हातात छत्री. ओरडले नाहीत. वडिलांना हाक मारली आणि माझ्याकडे छत्री केली.

"पोर तुझं आहे. मी कशाला हात लावू? तूच काय ते बघ."

वडिलांनी माझ्या गालात मारली. हात खाऱ्या पाण्याने ओला होता.

"अजून एक," शेट म्हणाले. "याला कळलेलं दिसत नाही."

वडिलांनी अजून एक मारली. मग शेटने खिशातून लिमलेटची गोळी काढली आणि माझ्या ओंजळीत वरून टाकली. मी ती चोखली. सुजलेल्या गालात धरून, संपेपर्यंत चोखली.

संध्याकाळी वडील जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसले. आई म्हणाली, "जेवा ना. पोराला काय नाय झालंय." ते उठून खाडीवर निघून गेले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. उलट खोटं सांगत आलो. तेच आज निस्तरायचं आहे.

मिठागर गेलं. भराव पडला, रस्ते आले, इमारती आल्या. शेटच्या घरच्यांनी त्याच जागेवर इंग्रजी शाळा काढली. ऑफिसात शेटचा मोठा फोटो आहे. दरवर्षी शाळेच्या कार्यक्रमाला गावातला जुना माणूस म्हणून मला बोलावतात. शाल देतात, फोटोला हार घालायला लावतात. माईक हातात आला की मी म्हणायचो, "शेट देवमाणूस. त्यांनी कधी कुणावर हात उचलला नाही."

टाळ्या पडायच्या. वाक्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर ते इतकं सोपं जायचं. शाल म्हणजे दुसरी गोळी. तीही मी चोखली.

माझा मुलगा दिनेश लहान होता तेव्हा त्याच्या शाळेतून निरोप यायचा, "घरी जरा बघा." मी घरी बघायचो. हाताने बघायचो, पट्ट्याने बघायचो. मास्तर स्वच्छ, मी कसाई. दिनेश मोठा झाला, डंपर घेतले, विचुंब्याला बंगला बांधला. त्याची मुलगी स्वरा शेटच्या शाळेत घातली. मीच म्हणालो होतो, तिथेच घाला.

यंदा शाळेतून बोलावणं आलं. फोटोखालच्या खुर्चीत आता शेटचा पुतण्या बसतो. मला बसा म्हणाला. दिनेशला म्हणाला नाही.

"स्वरा वर्गात स्वतःच्या गालात मारून घेते. स्पेलिंग चुकलं की फाडकन. बाकीची मुलं घाबरतात. पालकांचे फोन येतात मला." मग माझ्याकडे वळला. "काका, राग मानू नका. जमिनीचे पैसे आले, बंगले झाले, पण तुमच्या लोकांतली मारझोड काही जात नाही. आम्ही तर मुलांना बोटही लावत नाही. काउन्सेलिंग करून घ्या. सर्टिफिकेट आणा. तोवर घरीच ठेवा. आणि दिनेश, घरी जरा नीट बघ."

"हो सर," दिनेश म्हणाला. ज्याच्या डंपरांनी अर्ध्या करंजाड्यात माती टाकली तो माझा मुलगा हात पुढे बांधून उभा होता. माझे वडील उभे राहायचे तसा.

काउन्सेलर नवीन पनवेलला बसते. खाली मेडिकल, वर ती. सगळ्यांना या म्हणाली होती, आजोबांनासुद्धा. मी भांडायच्या तयारीने गेलो. वाटलं, आता ही पण हिशोब मांडणार. कोण अडाणी, कोण रानटी, पोरगी वेडी की शहाणी. पांढरा सदरा घातला, अंगठ्या चढवल्या. बघू कोण बोलतो.

कोवळी पोरगी निघाली. टेबल नाही. जमिनीवर गादी, टोपलीत बाहुल्या, खेळण्यातली भांडी. म्हणाली, कोणाची चूक ते शोधायला आपण बसलो नाही. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. फक्त कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला गप्प बसता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. घरात कोण कोण, कोण कुठे झोपतं, स्वरा कुणाजवळ रडते, असलं विचारत राहिली. मग आम्हाला बाहेर बसवून स्वराशी एकटी खेळली. मग दिनेश आणि सूनबाईशी एकटी बोलली.

दिनेशने सर्टिफिकेट मागितलं.

"एका भेटीत असं काही लिहून देता येत नाही," ती म्हणाली. "दर आठवड्याला यावं लागेल, काही महिने. शाळेला काय कळवायचं ते तुम्हाला विचारून, तुमच्यासमोर लिहीन. आणि मारणं आजपासून बंद. हे मी सगळ्यांनाच सांगते."

"शाळेवाले ऐकणार नाय, मॅडम."

तिने आत बोलावून सगळ्यांना गोल बसवलं आणि स्वराला विचारलं, "मघाशी मला सांगितलंस ते यांना सांगशील? नाही सांगितलंस तरी चालेल."

स्वरा बाहुलीचे केस विंचरत म्हणाली, "शाळेतून पप्पांना मेसेज गेल्यावर पप्पा मला मारतात. मग पप्पा जेवतच नाहीत. म्हणून मी आधीच मारून घेते. मग टीचर पप्पांना मेसेज नाही करणार."

दिनेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सूनबाई उठून खिडकीशी गेली.

माझ्या गालात ती गोळी आली. खरंच चव आली, आंबटगोड.

शेटने हुकूम दिला आणि माझ्या वडिलांनी मारलं. मास्तरांनी निरोप दिला आणि मी मारलं. आता मेसेज येतो, दिनेश मारतो. आणि ही नऊ वर्षांची पोर, हिला हुकूमही लागत नाही. स्वतःच स्वतःला मारते आणि बापाचं जेवण वाचवते. ते मात्र पांढरेच. त्यांनी कधी बोटही लावलं नाही. वर बोटं मोडतात, तुमच्या लोकांतली मारझोड.

मी तिथेच सगळं सांगितलं. खुर्ची, खारा हात, गोळी. दिनेशकडे बघून सांगितलं.

तो म्हणाला, "बाबा, तुमी मला पट्ट्यानं मारलंत तवा पण नाय जेवलात. मला वाटायचं, राग गेला नाय म्हनून."

काउन्सेलर म्हणाली, "आजोबा, थोडं थांबूया का?"

"नको," म्हटलं. "फार थांबलो."

पुढच्या आठवड्यात मी एकटा शाळेत गेलो. पुतण्या म्हणाला, "काका, सर्टिफिकेट आणलं?"

मी त्याच्या समोरची खुर्ची ओढली. चपला काढल्या. दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसलो. त्याने पायांकडे बघितलं. बघू दिलं.

"सर्टिफिकेट नाही. स्वरा उद्यापासून वर्गात बसेल. आणि यापुढे 'घरी बघा' म्हणून एकही मेसेज आमच्या घरी यायचा नाही. तुमचं मारायचं काम आमच्या हातांनी होणार नाही."

"अहो, पण आम्ही कुठे हात लावला मुलीला?"

"तुमच्या काकांनीही मला लावला नव्हता," म्हटलं. आणि फोटोकडे बोट करून सगळं सांगितलं. जिथे पुतण्या बसला होता, तिथेच कुठेतरी शेटची ती खुर्ची होती.

तो हसला. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "काका, जुनं उकरून काय मिळणार? मोठं मन करा. या वर्षीपण हार तुम्हीच घालायचा आहे."

"येतो ना," म्हटलं. "माईक तयार ठेवा."

पाणी मी प्यालो नाही.

काउन्सेलिंग चालू आहे. स्वरा अजून मारून घेते. परवा पाढा चुकला आणि मी तिचा हात हवेतच धरला. केवढासा हात. दिनेशने तेव्हापासून तिच्यावर हात उगारलेला नाही, पण तो माझ्याशी फार बोलत नाही. बोलू नये. पट्ट्याचे वळ मी दिलेले आहेत, शेटने नाही. हुकूम त्यांचा होता म्हणून माझा हात दोषातून सुटत नाही. दिनेशने मला माफ करू नये, आणि मी शेटला करणार नाही. मेला तरी नाही.

माझ्या वयाची माणसं सांगतात, आता देवाचं नाव घे. मी शेटचं नाव घेणार आहे. मांडवात, सगळ्या पालकांसमोर, त्याच माईकवर. माझं जुनं वाक्य त्यांना पाठ आहे. ते म्हणेन. शेटने कधी कुणावर हात उचलला नाही. टाळ्या पडू देईन. मग विचारीन, मग कुणाच्या हाताने मारलं? माईक बंद केला तर तोंडाने बोलेन. खाडीच्या वाऱ्यात हाका मारून वाढलेला माणूस आहे मी, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल.

हार त्यांनी आणावा. मी तो पुतण्याच्या हातात देईन आणि सांगेन, फोटो तुझा आहे. मी कशाला हात लावू? तूच काय ते बघ.