पंगतीबाहेरचं ताट

जबलपूरला उतरले तेव्हा रिक्षावाल्याने आधी माझी बॅग उचलली आणि मग विचारलं, "दीदी, कहाँ जाना है?" घमापूर म्हटल्यावर त्याने अशा गल्ल्यांतून नेलं की मी दोन्ही हातांनी दांडी धरून बसले. मी साताऱ्याची, तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. इथे माझी मावशी असते. तिचे यजमान, आमचे काका, तोफगोळ्यांच्या कारखान्यात रंगखात्यात होते. आता ऐंशी ओलांडली.

"काहून गं, कशानं इतकी वाळली?" त्यांनी दारातच विचारलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. यांच्याकडे तलवारी कुठल्या? पाटावर काकांचे स्पॅनर, हातोडी, मावशीची विळी. अंगणात झेंडूची माळ घालून स्कूटर. आदल्या संध्याकाळी मी सराफा बाजारातल्या हलवायाकडून खव्याची काळसर जिलबी आणली. ती ठेवायला ताट हवं, तर मागच्या पडवीत पाखरांना पाणी ठेवलेलं एक मोठं पितळी ताट दिसलं. मी आपली हौशी! चिंचेने लख्ख घासलं आणि जिलब्या मांडल्या.

मावशी किंचाळलीच. "अगं बाई, ते कशाला घेतलंस? ते पंगतीतलं नाही!"

सगळ्या जिलब्या गाईला गेल्या. मला रागच आला. मेलं असं काय होतं त्या ताटात?

"माझ्या आजोबांचं आहे ते," काका म्हणाले. "पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडे गेले होते, जखमींच्या डोल्या उचलायला. एक दिवस शत्रूनं हिरवट धूर सोडला. खंदकात माणसं गुदमरून पडून राहिली होती. सायबानं सांगितलं, फडक्यावर मुता आन् तोंडाला बांधा. आजोबांनी फेटा फाडला, तसंच केलं, आन् जखमी ओढून आणले."

"मग?"

"मग काय! घरी आल्यावर समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त झालं, पंचगव्य पाजलं. सुटले असते. पण खरं बोलायची खोड! पंगतीतच सगळं सांगितलं. त्यांचे भाऊ ताटावरून उठले. मरेपर्यंत आजोबा पडवीत जेवले, याच ताटात." काकांनी ताट स्वतःकडे ओढलं. "आम्ही पोरं नाक धरून त्यांच्यासमोरून पळायचो. मीसुद्धा. आजवर कोणाला सांगितलं नाही."

गोमूत्राने शुद्ध झालेला माणूस स्वतःच्या मुताने बाटला! मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

"काका, तो क्लोरीन होता," मी म्हटलं. "हवेपेक्षा जड, म्हणून खंदकात उतरून बसायचा. फुप्फुसाच्या ओलीत त्याचं आम्ल होतं. तेव्हा वायू अडवणारे मुखवटे पोचलेच नव्हते. ओलं फडकं तो थोडा तरी अडवतं, आणि पाणी हाताशी नसेल तर माणूस करणार काय? कित्येकांनी तेच केलं. पुढे याहून भयंकर वायू आले, मग बंदीचे करार झाले, तरी आपल्या काळातही वस्त्यांवर ते सोडले गेलेच."

"अच्छा. म्हणजे आजोबा बरोबर होते?"

"अगदी बरोबर."

त्यांनी ताटाच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी रंगखात्यात जन्मभर तोंडाला पट्टी बांधून काम केलं. मला कोणी पडवीत नाही बसवलं."

सकाळी पूजेला त्यांनी ते ताट स्पॅनरशेजारी ठेवलं. मावशीचं सोवळं कडक, त्यामुळे मला धाकधूक वाटत होती. तिने एकदा काकांकडे पाहिलं आणि ताटाच्या काठाला कुंकवाचं बोट लावलं.

दुपारी पानं मांडली तेव्हा काका तेच ताट घेऊन पंगतीच्या मधोमध बसले. "वाढ," ते म्हणाले. पहिला घास त्यांनी हातात घेतला. "आजोबा, चुकलो हो," एवढंच म्हणाले आणि ढसाढसा रडले. मावशीने भातावर तूप वाढलं.

परतीच्या गाडीत आठवलं, तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले: 'क्लोरीन. पिवळसर हिरवा, हवेपेक्षा जड.' तो नाकातोंडात गेलेल्या एकाही माणसाबद्दल मी पोरांना कधी सांगितलं नव्हतं. इटारसीला भूक लागली. मावशीने नव्याने आणवलेल्या जिलब्यांचा डबा उघडला. निघताना तिने त्या माझ्यासमोर डब्यात भरल्या होत्या, आजोबांच्या ताटातून.