कमरेचा की बैठकीचा

बोटींच्या कारखान्यात तिला सगळे घासणी म्हणत. फायबरची बोट साच्यातून बाहेर निघाली की तिचा खरखरीतपणा यंत्र फिरवून उतरवायचा, हे तिचं काम. चौदा वर्षं ती तेच करत होती. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं आणि तिनंही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. अंगानं ती काडी होती, पण मनगटं अशी की चार किलोचं यंत्र दिवसभर खांद्याच्या उंचीला धरून ठेवायची. संध्याकाळी आंघोळीला बसली की अंगातून फायबरची कुसळं निघायची. तिला त्यांचीही सवय झाली होती.

तिचा नवरा त्याच कारखान्यात मुकादम होता. चारचौघांत मऊसूत बोलणारा माणूस, पण घराचं दार लागलं की त्याचा हात सुटायचा. कारण असलंच पाहिजे असं नव्हतं. त्या दिवशी मात्र कारण होतं. त्यानं पास केलेल्या एका बोटीच्या बुडाला घासणीनं बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि आत हवेचा फुगा राहिलाय असं मालकासमोर सांगितलं. बोट परत साच्यावर गेली. संध्याकाळी मुकादम बूट न काढताच घरात आला. कामावरचे बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले. पहिल्या लाथेला ती पडली, दुसरी डाव्या कुशीत बसली, आणि तिसरी बसली तेव्हा तिला स्वतःच्याच शरीरातून काटकी मोडल्यासारखा आवाज ऐकू आला. सासू शेजारच्या खोलीत होती. तिनं रेडिओचा आवाज वाढवला.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. दवाखान्यात घासणीनं शिडीवरून पडले असं सांगितलं. डॉक्टरांनी तिच्या कुशीवरचा बुटाचा ठसा पाहिला, दारात उभ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि कागदावर शिडी लिहिली.

पिशवी उचलण्याइतकी ताकद आली त्या सकाळी ती धाकट्या भावाकडे निघून गेली. त्याला फक्त एवढंच म्हणाली की आमचं पटत नाही. भावानं खोदून विचारलं नाही. मालकानंही काही न विचारता तिला दुसऱ्या शेडमध्ये टाकलं. नवरा-बायको एकाच फाटकातून आत जायचे, पण एकमेकांचं तोंड पाहायचे नाहीत.

भाऊ किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकवायचा. वाऱ्यावर चढवलेला मोठा पतंग, त्याच्या चार दोऱ्या हातातल्या दांडीला, दांडी पोटापुढच्या आकड्यात अडकवलेली, पायाखाली फळी, आणि माणूस पाण्यावरून सुसाट. पत्र्याची एक शेड होती. तिच्या भिंतीवर खिळ्यांना हार्नेस टांगलेले असत. हार्नेस म्हणजे जाड पट्टा. पतंगाची सगळी ओढ हातांऐवजी तो अंगावर घेतो. शेडच्या कोपऱ्यात त्यांची आत्या शिलाई मशीन घेऊन बसायची आणि फाटलेले पट्टे, उसवलेले पतंग शिवायची. सत्तरीची, तोंडाची फटकळ, तीन नंबरी सुई दातांत धरूनच बोलणारी.

घासणीनं वर्षभर वाळूत बसून नुसतं पाहिलं. मग एका सुट्टीच्या दिवशी भावाला म्हणाली, "मला शिकव."

भावानं तिला कमरेचा हार्नेस बांधला. सगळे तोच वापरत. कमरेभोवती रुंद पट्टा, पुढे लोखंडी पट्टी, तिच्यात आकडा. पाय मोकळे, वळायला अंग मोकळं. पतंग डोक्यावर चढला आणि वाऱ्याचा एक झोत आला. पट्टा कमरेवरून निसटून सरळ बरगड्यांखाली जाऊन रुतला. लोखंडी पट्टी डाव्या कुशीवर आदळली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती वाळूत गुडघ्यांवर कोसळली तरी पतंग तिला ओढतच होता. भावानं धावत जाऊन पतंग पाडला. ती तिथंच वाळूत ओकली.

भावाला वाटलं, घाबरली. त्यानं पट्टा आणखी आवळला आणि पुन्हा उभं केलं. तीनदा तेच झालं. चौथ्यांदा तिनंच आकडा सोडवला आणि शेडमध्ये जाऊन आत्यासमोर उभी राहिली.

आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कमरेचा पट्टा टिकायला आधी कंबर लागते बाई. बांबूला पट्टा बांधला तर तो वर सरकणारच."

तिनं छताच्या वाशाला दोर टाकला आणि घासणीला कमरेच्या हार्नेसच्या आकड्यानं टांगलं. पाय जमिनीवरून सुटले मात्र, पट्टा छातीपर्यंत चढला आणि घासणी किंचाळली. आत्यानं झटकन दोर ढिला केला. मग सुई दातांतून काढून खिशात टोचली आणि तिच्या कुशीवर हात ठेवला. बोटांना हाडाची वेडीवाकडी जुळलेली गाठ लागली. "शिडीवरून पडले होते," घासणी पुटपुटली.

"ही शिडी नव्हे," आत्या म्हणाली.

त्या लाथांनंतर पहिल्यांदा घासणीच्या डोळ्यांना धार लागली.

आत्यानं भिंतीवरून बैठकीचा हार्नेस काढला. तो चड्डीसारखा घालायचा. दोन पट्टे मांड्यांमधून जातात, बुडाखाली आधार असतो आणि आकडा बेंबीच्याही खाली येतो. तो वर सरकत नाही, कारण मांड्या त्याला सरकू देत नाहीत. ओढ पाठीवर आणि बरगड्यांवर न येता बुडावर येते. उणंही सांगितलं आत्यानं. मांड्यांना घासतो, अंग हवं तसं पिळता येत नाही, उंच उड्या मारणाऱ्यांना आवडत नाही, आणि पोरं त्याला लंगोट म्हणून हसतात. पुन्हा वाशाला टांगल्यावर घासणी झोपाळ्यावर बसल्यासारखी लटकली. श्वास पोटापर्यंत गेला. आत्यानं तिला डोळे मिटायला लावले आणि आकड्यापाशीची, ढकलली की पतंग सोडून देणारी लाल मूठ चाचपायला सांगितली. उलटं टांगलं, कुशीवर टांगलं. मूठ दर वेळी तिथंच, मांड्यांच्या वर, हाताखाली.

"हाच," घासणी म्हणाली.

भाऊ कुरकुरला. असला हार्नेस नवशिक्यांचा, थुलथुलीत म्हाताऱ्यांचा, शाळेची शोभा जाईल वगैरे. मग आत्यानं त्याला शेडमागे नेलं आणि बरगड्यांचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत भाऊ कारखान्याच्या फाटकावर गेला. हातात पतंगाच्या कडांत हवा भरायचा पंप होता, हातभर लांबीचा. मुकादम चार कामगारांबरोबर डबा खात बसला होता. भावानं सरळ जाऊन पंप त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात डब्यात पडले. मग पाठीवर, मांड्यांवर, जिथं बसेल तिथं. कामगारांनी ओढून बाजूला केलं तेव्हा मुकादम तोंडाला हात लावून बसला होता आणि सगळं फाटक बघत होतं.

घासणीला बातमी कारखान्यातल्या तिच्या शेडमध्ये कळली. संध्याकाळी भाऊ छाती काढून घरी आला, तर तिनं त्याच्याकडे पाठ केली. शेवटी म्हणाली, "तू तुझा राग काढलास. मार मलाच पडणार आहे."

भाऊ म्हणाला की आता त्याची हिंमतच होणार नाही. तो माणूस ओळखण्यात भाऊ कच्चा होता. घासणी कच्ची नव्हती. आठ दिवस ती येता-जाता मागे बघत चालली. नवव्या दिवसापासून वारा चांगला सुटला आणि ती बघायचं विसरली.

त्यानंतर दोन आठवडे ती कामावरून सुटली की रोज पाण्यात होती. आदळत होती, तोंडानं पाणी पीत होती, गालावर फळी खात होती. मांड्या पट्ट्यांनी सोलवटल्या होत्या. किनाऱ्यावरची पोरं लंगोट लंगोट म्हणून ओरडायची आणि ती त्यांना ओलसर वाळूचे गोळे मारायची. पण ती उभी राहायला लागली होती. पन्नास हात, मग शंभर. भाऊ म्हणायचा, जोर कुठून आणते कळत नाही. चार किलोचं यंत्र चौदा वर्षं धरणाऱ्या बाईला दांडीचं काय!

मुकादम आला तो एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास. वारा उसळ्या घेत होता. भाऊ दूर एका शिकाऊ माणसाचा पतंग धरून होता. घासणी पाण्याच्या कडेला उभी होती, पतंग डोक्यावर, फळी अजून वाळूत. मागून केस ओढले गेले आणि मान मागे गेली. दारूचा वास आला. आधी कानावर ठोसा बसला, मग तोंडावर. ती खाली पडली आणि दांडी हातातून निसटली.

मालक नसलेला पतंग कुत्र्यासारखा असतो, असं आत्या म्हणायची. तो एकदम खाली झेपावला, वाऱ्याच्या पोटात शिरला आणि घासणी पालथी फरफटत निघाली. मुकादमानं तिचा पाय धरला होता, तोही फरफटला. पण माणूस हट्टी. त्याला वाटलं, हे सगळं त्या दोऱ्यांमुळे होतंय, दोरी खेचली की पतंग खाली येईल. तो तिच्या अंगावरून वर सरकला, दोन दोऱ्या पकडल्या आणि घोड्याचा लगाम आवळावा तशा मुठीभोवती गुंडाळल्या.

"सोड," घासणी ओरडली. "हात सोड, बोटं जातील."

त्यानं मोकळ्या हातानं तिच्या तोंडावर पुन्हा मारलं. पुढे दगडी बंधारा होता, साठ हातांवर, मग चाळीस. तिचं तोंड वाळूनं भरलं होतं, एक डोळा मिटला होता, डावा खांदा निखळला होता. उजवा हात पोटाखाली गेला आणि लाल मूठ तिथंच सापडली. कमरेचा हार्नेस असता तर ती गळ्यापाशी गेली असती.

तिनं मूठ धरली. पतंगानं वर एक गिरकी घेतली आणि दोऱ्या मुकादमाच्या मुठीभोवती ताणून वाजल्या. तेव्हा कुठे तिनं ती ढकलली.

दोऱ्या एकदम सैल पडल्या. पतंग फडफडत पाण्यावर पडला. मुकादम वाळूवर गुडघे टेकून स्वतःच्या हाताकडे बघत होता. मधलं आणि त्याच्या बाजूचं बोट दुसऱ्या पेरापासून नव्हतं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि तो लहान मुलासारखा श्वास आत ओढत होता. रडणं अजून यायचं होतं.

मग घासणीनं जे केलं ते का केलं, हे तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. तिनं एका हातानं मांडीचा पट्टा सोडवला, तो त्याच्या मनगटाभोवती घातला आणि दातांनी ओढून आवळला. धावत आलेल्या भावानं मुकादमावर पाय उगारला, तर तिनं त्याच्यावर अशी नजर टाकली की पाय तसाच खाली आला. बोटं वाळूत शोधली. एक सापडलं. ते जोडता आलं नाही.

मुकादमानं पोलिसांना सांगितलं की बायकोनं मुद्दाम केलं. किनाऱ्यावरच्या सहा जणांनी त्यानं आधी काय केलं ते सांगितलं. चौकीत भाऊ शेजारी बसला होता. फौजदारानं सौम्य आवाजात विचारलं, सुटका करण्यात काही उशीर झाला का. नाही म्हणून मोकळं व्हा, असंच त्याचा चेहरा सांगत होता.

"मूठ हातात आली होती," घासणी म्हणाली. "क्षणभर थांबले."

"का?"

"ते मला माहीत नाही. पण थांबले."

भावानं कपाळाला हात लावला. फौजदारानं बराच वेळ लेखणी हातात धरली. मग लिहिलं की तक्रारदार बाई फरफटत जात असताना गोंधळून गेली होती. तिनं ते वाचलं आणि गोंधळलेली नव्हते असं म्हणून सही केली.

खटला उभा राहिला. सहा साक्षीदार आणि वेडीवाकडी जुळलेली बरगडी यांच्यापुढे मुकादमाचं काही चाललं नाही. त्याला शिक्षा झाली, घटस्फोटही झाला. शिक्षा सुरू झाल्यावर महिन्याभरानं सासू कारखान्याच्या फाटकावर आली. तिथूनच म्हणाली की त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. घासणीनं मास्क खाली ओढला, ऐकून घेतलं, म्हातारीला सावलीत बसवून पाणी दिलं आणि परत कामाला गेली. एवढ्यावर त्यांचं नातं संपलं.

तो क्षण मात्र संपला नाही. भाऊ म्हणायचा, त्याची लायकीच ती होती. आत्या काहीच म्हणायची नाही, आणि घासणीला आत्याचंच बरं वाटायचं. काही दिवस तिला वाटे, थांबले ते बरं केलं. काही दिवस यंत्र चालू करताना स्वतःची बोटं दिसत आणि ती मिनिटभर तशीच उभी राही.

खांदा पूर्ण बरा व्हायला चार महिने लागले होते. पाचव्या महिन्यात, खटला अजून चालू असतानाच, एका दुपारी अर्धी रजा टाकून ती किनाऱ्यावर गेली. वारा वेडावाकडा होता. भाऊ नको म्हणाला. तिनं मांड्यांचे पट्टे आवळले, पतंग चढवला आणि पाण्यात शिरली. दुसऱ्याच लाटेवर झोतानं तिला उचललं, डोक्याइतकं उंच नेलं आणि पाठीवर आपटलं. पाण्याचा तो फटका किनाऱ्यापर्यंत ऐकू आला. ती खोकत वर आली, फळी शोधली, पायांत घातली आणि पतंग पुन्हा वर घेतला.