वाक्यात उपयोग करा : गुन्हा ठरवणे

विट्यातल्या पोलीस भरतीच्या क्लासला मी सात वर्षं मराठी शिकवते. पेंडीच्या दुकानावर एक हॉल, चाळीसेक पोरं-पोरी आणि करकरणारा एक पंखा. लोकांना वाटतं, वह्या तपासणाऱ्याकडे नुसत्या चुका साठतात. चुका विसरायला होतात हो! साठतात ती लोकांची घरं.

गेल्या वर्षी एका सराव पेपरात आलं, 'वाक्यात उपयोग करा : गुन्हा ठरवणे'. गाईडमध्ये नमुना होता, 'शासनाने सदर कृत्य गुन्हा ठरवले आहे.' चाळीस वह्यांत तेच वाक्य! मी वैतागले. म्हटलं, "उद्या प्रत्येकानं आपल्या घरातलं वाक्य आणायचं. शासन, सदर, कृत्य यातला एक जरी शब्द दिसला तर शून्य!"

तिथून सगळं सुरू झालं.

*

पहिला उठला कडेगावचा प्रवीण. घरी ऊस आणि दोन म्हशी.

"आईशिवाय दुसऱ्या कुणी कासेला हात लावणं आमच्या म्हशीनं गुन्हा ठरवलंय."

मी म्हटलं, "वाक्य छान आहे. पण कायदा माणसं करतात. म्हैस कशी करेल?"

त्यानं पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर खुराचा जांभळा ठसा!

"मॅडम, कायदा बी तिचा, कोर्ट बी तिचंच. आन् अपिलाला गेलो की दुसरा पाय!"

*

त्याच वाक्यावरून भांडण पेटलं. एक जण म्हणाला, "मॅडम, गुन्हा पुल्लिंगी. मग 'ठरवला' पाहिजे." मी म्हटलं, "हात लावणं... ठरवलं." अर्धा वर्ग त्याच्या बाजूनं, अर्धा माझ्या. तासभर हेच.

शेवटी मी माझ्या शाळेतल्या सरांना फोन लावला. ऐंशीच्या घरातले, अजून खणखणीत. फोन स्पीकरवर टाकला, सगळं सांगितलं. सरांनी विचारलं,

"तू मला कितवीला होतीस गं?"

"नववीला आणि दहावीला, सर."

"मग हे मी तुला दोनदा शिकवलंय."

आणि फोन ठेवला! वर्ग बाकं बडवून हसला. बरोबर काय, ते मात्र त्यांनी सांगितलंच नाही!

*

जयश्रीचे वडील तीस वर्षं कोइमतूरला गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं. त्या दुकानातला केरसुद्धा कुणी टाकत नाही, त्यात सोन्याचा कण असतो. आता काम सोडून ते विट्याला आले, पण सवय सुटली नाही.

"न चाळता केर टाकणं अप्पांनी घरात गुन्हा ठरवलंय," जयश्रीनं वाचलं.

"घरातल्या केरात कसलं आलंय सोनं?"

"सापडलं ना, मॅडम! आईच्या कानातल्याची फिरकी."

"मग आई खूश झाली असेल."

"कुठली! ती फिरकी शेजारच्या काकूंनी उचलली म्हणून आई दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती."

"मग आता?"

"आई अप्पांना म्हणाली, टाका ती परत केरात!"

*

महेश कोयनानगरचा. वडील धरणाच्या कॉलनीत राहतात, तिथंच नोकरी. तिकडे जमीन अधूनमधून हलते आणि लोक चहाचा कप धरून बसतात.

त्याचं वाक्य, "दाराला आतून कडी लावणं आमच्या वडिलांनी गुन्हा ठरवलंय." हादरा बसला तर पटकन बाहेर पडता यावं, म्हणून.

"बाथरूमच्या सुद्धा?" मी विचारलं.

"सुद्धा. म्हणून आत गेलं की मोठ्यानं गायचं. गाणं ऐकू आलं की बाहेरच्यानं थांबायचं. आमच्यात सगळ्यांची गाणी ठरलेली हायत."

पुढे त्याच्या बहिणीचं लग्न झालं आणि जावई पहिल्यांदा मुक्कामाला आले. सकाळी आंघोळीला गेले. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. वडील खांद्यावर टॉवेल टाकून सरळ आत!

घरात आरडाओरडा झाला. वडील बाहेर येऊन महेशच्या आईला एवढंच म्हणाले,

"पाव्हणं गात न्हवतं!"

*

ग्राउंड घ्यायला आमच्याकडे सुभेदार सर आहेत. सैन्यातून निवृत्त झाले, पण हुकूम अजून हिंदीतच सुटतो. पोरांच्या तोंडून हे प्रकरण त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना शब्द फारच आवडला.

"आज से ग्राउंडपर चप्पल में आना गुन्हा ठरवा दिया है! सजा, पाँच राउंड!"

तिसऱ्या दिवशी सर आले, ते चपला घालून. बायकोनं बूट धुतले होते आणि ते वाळले नव्हते. पोरं लायनीत उभी, सगळ्यांच्या नजरा खाली. मागून एका पोरीनं हळूच म्हटलं, "सर... पाय."

सरांनी खाली बघितलं. शिट्टी काढून त्या पोरीच्या हातात दिली, चपला कडेला जोडून ठेवल्या आणि अनवाणी पळायला लागले. वय पन्नाशीच्या पुढं. पोरं मोठ्यानं मोजत होती. पाच झाले तरी सर थांबेनात.

"सर, झाले पाच!"

पळता पळताच उत्तर आलं, "एक सुभेदार का एक्स्ट्रा!"

*

रुपाली पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातली. वडील मेंढरं राखायचे, आता थोडं डाळिंबही करतात. आठशे मीटरला तिच्या जवळपास कुणी पोरगी नव्हती. बोलायची मात्र फार कमी. वाक्य वाचून दाखव म्हटलं, तर वही पुढं केली आणि खाली बसली.

मी बाकीच्या वह्यांबरोबर तीही घरी नेली. तिनं लिहिलं होतं, 'आमच्या भावकीने माझे पळणे गुन्हा ठरवले आहे.'

कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. हाताला सवय असते. मी लाल पेनानं बरोबरची खूण केली, पुढची वही घेतली. आणि मग ती वही पुन्हा उघडून कितीतरी वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलायचं, असं ठरवलं होतं. पण वह्या वाटल्या आणि मी हाक मारायच्या आत ती वही घेऊन गेली, ती पुन्हा आलीच नाही. आठ दिवस झाले. फोन बंद. मैत्रीण म्हणाली, "मॅडम, ट्रॅक पॅन्ट घालून रस्त्यानं पळती म्हणून तिच्या चुलत्यांनी लय दंगा केलाय. स्थळं येणार न्हाईत म्हणत्यात."

नवव्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. पुढं तिचे वडील, खांद्यावर घोंगडं. मागं रुपाली, मान खाली. मला वाटलं, फी परत मागायला आलेत, आणि पोरीला कायमची न्यायला.

त्यांनी घोंगड्यातनं वही काढून माझ्यापुढं ठेवली. पान बरोबर उघडलं.

"मॅडम, मला वाचता येत न्हाई. लेकीनं वाचून दावलं. ही लाल खूण तुमी केलीया?"

"हो."

"म्हंजे काय हुतंय तिचं?"

"बरोबर, असं."

"म्हंजे भावकीचं बरोबर हाय?"

मी घाईनं म्हटलं, "तसं नाही हो. नुसतं वाक्य बरोबर आहे. व्याकरण..."

"व्याकरणातलं मला काय कळत न्हाई," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पर हे चूक हाय. फुली मारा."

सात वर्षांत बरोबर वाक्यावर मी कधी फुली मारली नव्हती. रुपालीकडे बघितलं. तिनं पहिल्यांदा मान वर केली होती. मी पेन घेतलं आणि खुणेवरच फुली मारली. चांगली मोठी.

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं. वही मिटली, पुन्हा घोंगड्यात ठेवली.

"ही दोन दिस माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. सांच्याला भावकीची बैठक हाय. दावतो त्यास्नी, मॅडमनी चूक दिलंय म्हणून."

मग लेकीकडं वळले. "तू हितं काय करतीयास? जा, ग्राउंडवर सर वाट बघत्यात."