पन्नासांतली एक

संध्याकाळी किनाऱ्यावर एक बाई पाण्यात खेळणाऱ्या आपल्या मुलींना घरी बोलावत होती. थोरल्या दोघी आल्या. धाकटी काही येईना, तेव्हा बाई वैतागून ओरडली, "अगं शोभे... शीले... जी कोण असशील ती, ये बघू बाहेर!" धाकटी निमूट बाहेर आली.

मला गॅलीनी आठवली. ग्रीक पुराणातली ही सागरकन्या. बाप नीरियस, समुद्रातला म्हातारा देव, आई डोरिस, आणि मुली चांगल्या पन्नास. एक बहीण समुद्रदेवाची राणी झाली, दुसरीच्या पोटी मोठा वीर जन्मला. गॅलीनीची मात्र गोष्टच नाही. खवळलेलं पाणी शांत करायचं, एवढंच तिचं काम. आता शांत समुद्राची गोष्ट कोण सांगणार? मी स्वतः पाच भावंडांतली मधली. त्यामुळे असेल, मला तिचा जरा जास्तच लळा. वाटायचं, डोरिसही जेवायला हाक मारताना अशीच अडखळत असेल, आणि सगळ्या बहिणींची नावं घेऊन झाल्यावर कधीतरी या बिचारीचं नाव तिच्या तोंडात येत असेल.

वारा पडला होता. लाटा येत होत्या, पण आवाज न करता. बाई पदरानं धाकटीचे केस खसाखसा पुसत होती.

मी हसून तिला विचारलं, "काय गं, आईनं तर तुझ्या बहिणींना हाका मारल्या. मग तू कशी आलीस?"

पदरातून डोकं बाहेर काढत ती म्हणाली, "पण बघत माझ्याकडेच होती ना!"